मागितल्याशिवाय नाही

रेणुकादास सरांच्या हाताखालून गेलेला मुलगा गणितात नापास झाला, असं लातुरात कुणी म्हटलं असतं तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. नोकरीत असताना शाळा आणि निवृत्तीनंतर घराच्या माडीवर क्लास, असं सरांचं सगळं आयुष्य मुलांकडून घोटून घेण्यात गेलं होतं. एकदा जमलं नाही तर पुन्हा, पुन्हा नाही जमलं तर परत, आणि दर रविवारी टेस्ट. 'कळणं मागाहून, आधी हातात बसलं पाहिजे,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या बायकोनं, सौदामिनीबाईंनी, संसारात हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की पोळी करपली तरी त्या तेच म्हणायच्या आणि करपलेली पोळी सरांच्या ताटात वाढायच्या.

अशा घरात इरा जन्माला आली. कुरळ्या केसांची, फिरत्या पंख्याकडं बघून खुदकन हसणारी. दोन वर्षं उलटून गेली तरी तिच्या तोंडून शब्द फुटेना, हाक मारली तर मान वळेना, तेव्हा तिची आई मृण्मयी तिला घेऊन डॉक्टरांकडं गेली. कान तपासले, कान उत्तम होते. मग हैदराबादला दाखवलं, पुण्याला दाखवलं. दोन्हीकडून एकच शब्द मिळाला, ऑटिझम. सरांचा मुलगा श्रीनाथ, म्हणजे इराचा बाबा, एका मोठ्या क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचा. पहाटे घर सोडायचा तो दिवेलागणीनंतर उगवायचा. त्यानं तो शब्द ऐकला आणि बोलायचाच थांबला. मृण्मयी पोटभर रडली आणि मग रात्रंदिवस मोबाइलवर वाचत सुटली. सर गप्पही झाले नाहीत आणि रडलेही नाहीत.

"म्हणजे उशिरा येणार," ते म्हणाले. "येईना का. उशिरा येणारी पोरं आपण काय कमी बघितली? नववीत पाढे येत नव्हते अशी पोरं आज ऑपरेशनं करतायत."

आणि त्यांनी कंबर कसली. क्लासला नवीन मुलं घ्यायचं बंद केलं. माडीवरची बाकं एका बाजूला ढकलून मधे सतरंजी अंथरली. जाड ड्रॉइंग पेपरची कार्डं कापली आणि त्यांवर स्वतःच्या हातानं चित्रं काढली. पाण्याचा पेला, पोळी, चेंडू, घर, गाय. सरांची वर्तुळं कंपासशिवाय गोल यायची, पण गाय काही जमायची नाही. सौदामिनीबाई म्हणाल्या, "हिला शिंगं आहेत म्हणून गाय म्हणायचं, नाहीतर हे टेबल आहे." सर हसले नाहीत. सकाळी दूध झालं की कार्डं, दुपारी उजळणी, रविवारी सगळ्यांसमोर टेस्ट. शब्द बरोबर आला की एक मनुका.

आता टिंगल करायची तर करावी, पण खरं तेही सांगितलं पाहिजे. इरा शिकली. पोरीची स्मरणशक्ती अफाट होती. सर कार्ड धरायचे, इरा त्याच्या कोपऱ्याकडं बघायची आणि सपाट आवाजात म्हणायची, "पाणी." पहिल्यांदा म्हणाली तेव्हा श्रीनाथ जिन्यात बसून ढसाढसा रडला होता. सरांनी गल्लीत पेढे वाटले. मग "पोळी" आली, "चेंडू" आला, "घर" आलं. टेबलासारखी गायसुद्धा आली.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. इराला तहान लागली की ती जवळच्या माणसाचं मनगट पकडायची, त्याला ओढत माठापाशी न्यायची आणि त्याचा हात पेल्यावर नेऊन ठेवायची. तोंडाकडं बघायची नाही आणि बोलायची तर मुळीच नाही.

"बाबा, तिला वाटतं पाणी हे त्या कार्डाचं नाव आहे," मृण्मयी सासऱ्यांना म्हणाली. "पिण्याशी त्याचा काही संबंध आहे हे तिला लागलेलंच नाही."

सरांना हा रोग चांगला ओळखीचा होता. प्रमेय तोंडपाठ, पण उदाहरणात वापरता येत नाही. अशी पोरं त्यांनी शेकड्यानं सरळ केली होती. त्यांनी घरात नियम लावला. मागितल्याशिवाय काही मिळणार नाही. हात ओढला तर कुणी जागचं उठायचं नाही. जेवणाच्या वेळेला ताट मिळेल, अधलंमधलं जे काही हवं असेल ते तोंडानं मागायचं.

"मोठ्या डॉक्टरांनीही सांगितलंय ना, बोलायला प्रवृत्त करा म्हणून?" ते म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं होतं हे खरं होतं.

पहिले काही दिवस घरात बसवत नव्हतं. इरा सौदामिनीबाईंचं मनगट ओढायची, बाई दगडासारख्या बसून राहायच्या. मग ती किंचाळायची, फरशीवर कपाळ आपटायची. सर शेजारी उकिडवे बसून शांतपणे सांगत राहायचे, "पाणी म्हण, बाळा. पा-णी. येतं तुला." त्यांचाही जीव तुटत होता, पण मुलाच्या रडण्याला भुलला तो मास्तर कसला, अशी त्यांची शिकवण. एकदा सौदामिनीबाईंनी पदराआड लपवून नातीला पेला दिला, तर सरांनी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं.

"तू पेपर फोडतेस," ते म्हणाले. त्या दिवशी सरांच्या वरणात मीठ नव्हतं.

दसऱ्याच्या सुमाराला मृण्मयीनं विषय काढला. तिचं माहेर नांदेडचं. तिथं अशा मुलांसाठी एक केंद्र होतं, आई आणि मूल दोघांनी रोज जायचं. पाटबंधारे खात्याच्या तिच्या नोकरीत बालसंगोपन रजा मिळत होती. नवीन वर्षापासून इराला घेऊन वर्षभर माहेरी राहावं, असं तिनं ठरवलं होतं.

सर ताडकन उठले. "नांदेडला? अगं, नांदेडची पोरं लातूरला येतात शिकायला! अख्खा महाराष्ट्र येतो. आणि रेणुकादासची नात लातूर सोडून नांदेडला जाणार? लोक काय म्हणतील?"

"लोकांना इराला शिकवायचं नाहीये, बाबा."

सरांना लोकांचं फारसं पडलेलं नव्हतं, ते नुसतं तोंडी लावायला होतं. इरा गेली की माडीवर बसून आपण कुणाची वाट बघायची, हा प्रश्न त्यांना पडला होता. हाडाच्या मास्तराची शेवटची विद्यार्थिनी होती ती, आणि त्याहून म्हणजे त्यांची लाडकी होती. पण असं काही बोलण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी मुदत मागितली.

"येळवशीच्या अमावस्येपर्यंत थांब. तोवर इरानं स्वतःच्या तोंडानं एक गोष्ट, फक्त एक, मागितली नाही तर खुशाल घेऊन जा. मी हूं की चूं करणार नाही."

मृण्मयीनं ते मान्य केलं. आपलं चुकलं, असं तिला पुढं बरेच दिवस वाटत राहिलं.

दिवाळीनंतर इराचं किंचाळणं थांबलं. कपाळ आपटणं थांबलं. हात ओढणंही थांबलं. ती आपली झोपाळ्यावर बसून कडीकडं बघत राहायची, जेवण समोर आलं की जेवायची, पाणी मिळालं की प्यायची.

"बघ, हट्ट गेला. शिस्त लागली," सर म्हणाले. "आता शब्द यायलाच पाहिजे. जमीन तयार झाली."

"बाबा, ती आता काहीच मागत नाही," मृण्मयी म्हणाली. "कुणालाच."

सरांनी नवीन कार्डं करायला घेतली.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं. दुकानांना कुलपं लागतात, रिक्षा दिसत नाही, क्लासच्या पोरांना सुट्टी द्यावी लागते. ज्याचं शेत आहे तो आपल्या शेतात आणि ज्याचं नाही तो दोस्ताच्या शेतात. कडब्याच्या खोपीत चुना लावलेले पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजायचे आणि मग बाजरीचे वाफवलेले उंडे, ओल्या दाण्यांची घट्ट भज्जी आणि मडक्यातली आंबट आंबील यांवर तुटून पडायचं. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारून पानावर बसवतात. येळवशीला आपल्या बांधावरून कुणी उपाशी गेलं तर शेताला लागतं म्हणतात.

सरांचा जुना विद्यार्थी गुरुपादप्पा याची जळकोटजवळ शेती होती. तो दरवर्षी बोलवायचा. इरा झाल्यापासून मृण्मयी काही ना काही कारण सांगून टाळायची. चार लोकांत पोरगी किंचाळली तर सगळ्यांच्या नजरा अंगावर येतात, त्या तिला सोसत नव्हत्या. या वर्षी सरच अडून बसले. मुदत येळवशीची होती, तर परीक्षाही येळवशीलाच होऊन जाऊ दे. आणि इरा हल्ली किंचाळत कुठं होती?

श्रीनाथनं गाडी काढली. सर पुढं बसले आणि इराची पाण्याची बाटली त्यांनी स्वतःच्या पायाशी ठेवली. उदगीर मागं पडलं, ऊन चढलं. मागून मृण्मयी म्हणाली, "बाबा, बाटली द्या."

"मागू दे की तिला."

मृण्मयीनं खिडकीबाहेर बघितलं. आजचा एकच दिवस, तिनं स्वतःला सांगितलं. उद्या बॅगा भरायच्या. इरा तुरीचं शेत मागं पळताना बघत होती. तिनं बाटलीकडं एकदाही पाहिलं नाही.

गुरुपादप्पानं बांधापर्यंत धावत येऊन सरांचे पाय धरले. "या सर, या! किती साल झालं, वाट बगून बगून डोळे गेले माझे. कोंडा, आगं बग कोण आलंय!" त्याची बायको कोंडाबाई खोपीतून हात पुसत बाहेर आली आणि तिनं इराच्या गालांवरून हात ओवाळून कौतुकानं बोटं मोडली. पाहुणे बरेच होते. शेजारच्या शेतातलेही चार जण येऊन बसले होते. ज्वारी कंबरेला लागत होती, हरभरा नुकता घाट्यावर आला होता.

पूजा झाली आणि पानं मांडेपर्यंत सरांना राहवलं नाही. त्यांनी पिशवीतून कार्डं काढली, इराला समोर बसवलं.

"घर," इरा म्हणाली. "चेंडू. गाय. पोळी."

"आरं बापरे! सर, लेकरू तर लई हुशार हाय की!" गुरुपादप्पानं टाळी वाजवली. "आन् लोक कायबी बोलत्यात!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या आवाजानं इरानं खांदे कानाशी नेले, पण ती रडली नाही. सरांनी विजयी मुद्रेनं सुनेकडं बघितलं. मृण्मयी लेकीच्या ओठांकडं बघत होती. ते कोरडे पडले होते.

पानं मांडली. कोंडाबाईनं इराच्या पानावर भज्जी वाढली, उंडा ठेवला, पेल्यात आंबील ओतली. सरांनी पेला उचलून हातात धरला.

"थांबा, कोंडाबाई. तिला मागू द्या. तिचं शिक्षण चालू आहे."

कोंडाबाईचा हात तसाच राहिला. "आवं सर, येळवशीच्या दिवशी लेकराम्होरला पेला उचलायचा? आमी रस्त्यानं जाणाऱ्याला धरून आणून खाऊ घालतो आज."

"पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं." सरांनी पेला इराच्या डोळ्यांसमोर धरला. "काय पाहिजे बाळाला? बोल. बोल की."

आजूबाजूला सगळे थांबले. इरानं पेल्याकडं पाहिलं, सरांच्या अंगठ्याकडं पाहिलं, मग खोपीच्या कडब्याकडं. ती उठली आणि चालू लागली. मृण्मयी अर्धी उठली, तर सर म्हणाले, "बस. लांब जात नाही ती. भूक लागली की येईल आपोआप." श्रीनाथनं मान खाली घालून उंडा मोडला. यजमानांचा आग्रह सुरू झाला, आंबिलीचे पेले फिरले, कुणीतरी सरांच्या छडीची आठवण काढली आणि हशा पिकला.

"इरा कुठंय?" सौदामिनीबाईंनी विचारलं.

खोपीमागं नव्हती. गाडीपाशी नव्हती. गुरुपादप्पा खरकट्या हातानंच उठला आणि त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, "हीर!" विहीर बांधापलीकडं होती आणि तिला कठडा नव्हता. पुरुष तिकडं पळाले. मृण्मयी चप्पल न घालता ज्वारीतून धावली. हाका मारायच्या तरी कुणाला? नाव घेतलं तर ओ देणारं लेकरू नव्हतंच ते. तरी सगळे ओरडत होते, "इरा! इरा!" सर दुसरीकडं, गोठ्याच्या दिशेनं निघाले, केवळ विहिरीकडं जायची छाती होत नव्हती म्हणून.

गोठ्यापुढं जनावरांचा सिमेंटचा हौद होता. एक म्हैस त्यात तोंड घालून पाणी पीत होती. तिच्या शेजारी इरा हौदाच्या काठावर पोट टेकून, पाय अधांतरी ठेवून, तशीच तोंड लावून पीत होती. पाण्यावर कडबा तरंगत होता. ती अधाशासारखी पीत होती, घटाघटा, आवाज करत.

सरांच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असावा. इरानं मान वर केली, सरांना पाहिलं आणि ती झटकन खाली उतरली. तिनं बाहीनं तोंड पुसलं, दोन्ही हात पाठीमागं नेले.

हा चेहरा सरांनी परीक्षेच्या हॉलमध्ये जन्मभर पाहिला होता. कॉपी करताना पकडलेल्या पोराचा चेहरा.

आणि मग इरा बोलली. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं, शेजारी म्हैस शेपूट हलवत होती, आणि पोरगी त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीकडं बघत सपाट आवाजात म्हणत होती, "घर. चेंडू. गाय. पोळी. घर. चेंडू."

सर समोर उभे राहिले की हे शब्द म्हणायचे असतात, इतकंच तिला त्यांच्याकडून आलं होतं. पाण्यासाठी माणसाकडं जाण्यात अर्थ नाही, हेही त्यांच्याकडूनच आलं होतं. तेवढं मात्र अगदी हातात बसलं होतं.

"पुरे," सर म्हणाले. "पुरे बाळा. नको बोलू. काही नको बोलू."

ते खोपीपर्यंत धावले. त्या वयात, धोतराचा सोगा मातीत लोळत. माठातून तांब्या भरून परत आले तर इरा तिथंच, हात मागं धरून उभी होती. त्यांनी तांब्या पुढं केला. तिनं हात काढले नाहीत, ती आज्ञेची वाट बघत राहिली. शेवटी सरांनी मातीत गुडघे टेकून तांब्या तिच्या ओठांना लावला. ती प्यायली. पाणी फ्रॉकवर सांडलं, सरांच्या बाह्यांवर सांडलं. तोवर मृण्मयी धापा टाकत पोचली होती. तिनं लेकीला उचलून छातीशी धरलं आणि खाली बसलेल्या सासऱ्यांकडं पाहिलं.

"मी तिला तहानलेलं ठेवलं," सर म्हणाले. "माझ्या नातीला मी जनावरांच्या हौदावर पाठवलं."

"मीसुद्धा गप्प बसले, बाबा," मृण्मयी म्हणाली. "उठा. आधी तिला जेवू घालू."

कोंडाबाईनं इराला मांडीवर घेऊन चुरलेला उंडा भरवला. कुणी काही मागायला लावलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. परतीच्या वाटेवर बाटली इराच्या मांडीवर होती. उदगीरच्या पुढं आल्यावर सरांनी विषय काढला.

"नांदेडला जा," ते म्हणाले. मग, मागं न वळता, "तिथं मला बसू देतील का?"

नांदेडच्या केंद्रात इराला पंचशीलाताई मिळाल्या. तिशीच्या, मोठ्या आवाजाच्या, स्वतः पोरांसारख्या फरशीवर लोळणाऱ्या. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि सोबत राहायला आलेल्या सरांना ओरडल्या नाहीत. "आता काही दिवस तिची कुठलीही मागणी ही मागणीच," त्या म्हणाल्या. "बोट दाखवलं, नुसतं बघितलं, तरी लगेच द्यायचं. माणसाला मागितलं की मिळतं, हे तिला परत पटू दे. शब्द त्यावर चढवता येतात."

"आणि मी काय करू?"

"बसा, सर. खाली, तिच्या उंचीला. काही विचारायचं नाही. ती आली तर आली."

"किती दिवस?"

"ते तिच्यावर."

जन्मात वर्गात गप्प न बसलेला माणूस चटईवर गप्प बसायला लागला. गुडघे बोंबलायचे. समोर पोरं चुकीच्या भोकात चुकीचा ठोकळा घालायची आणि सरांचे हात शिवशिवायचे. लातूरहून सौदामिनीबाईंचा रोज फोन यायचा, "काय सर, आज किती वेळा तोंडावर हात ठेवला?" त्या हसायच्या, पण फोन ठेवायच्या आधी हळूच विचारायच्या, "आली का जवळ?"

जवळ येत नव्हती. महिन्याभरात इरा आईचं बोट धरायला लागली. मग पंचशीलाताईंचा कुडता ओढून फुगे मागायला लागली, आणि फुगा सोडला की पंख्याकडं बघून हसायची तशीच खुदकन हसायची. सरांच्या वाट्याला मात्र जुनंच यायचं. चुकून समोरासमोर आले की ती थांबायची, हात मागं न्यायची आणि म्हणायची, "घर. चेंडू." पंचशीलाताई म्हणायच्या, वेळ लागेल. सर मान हलवायचे आणि भिंतीकडं तोंड करून चष्मा पुसायचे. नापास झाल्यावर पोरं घरी जायला का घाबरतात, हे त्यांना या वयात कळत होतं.

माघ संपता संपता एका रविवारी दुपारी ते मृण्मयीच्या माहेरच्या ओसरीवर बसले होते. समोर सूपभर भाजलेल्या शेंगा होत्या आणि ते आपले एकटेच सोलून दाणे वाटीत टाकत होते. इरा खांबाला टेकून उभी होती. ती कधी आली ते त्यांना कळलं नाही. त्यांनी वर बघायचं टाळलं.

एक शेंग त्यांच्या गुडघ्यावर येऊन पडली.

त्यांनी मान थोडी उचलली. इराचे हात पाठीमागं नव्हते. तोंडून घर नव्हतं, चेंडू नव्हता. ती त्या शेंगेकडं बघत होती. त्यांनी शेंग फोडली, दाणे तळव्यावर धरले. दोन थंडगार बोटांनी ते उचलले गेले. मग दुसरी शेंग आली, या वेळी थेट त्यांच्या हातात. मग तिसरी. सर सोलत होते आणि सूप, वाटी, दाणे सगळं त्यांच्या डोळ्यांत विरघळत होतं. 'शेंग म्हण' हे दोन शब्द जुन्या सवयीनं ओठांपर्यंत आले होते. त्यांनी ते गिळले.

पुढची शेंग चिवट निघाली. डोळ्यांतल्या पाण्यानं नीट दिसेना, नख घसरलं. एकदा, दोनदा. आणि फाडकन सरांच्या मनगटावर चापट बसली.

"अं!" इरा म्हणाली. चांगली जोरात, कपाळाला आठ्या घालून. आणि तिनं मान वर करून सरांच्या तोंडाकडं पाहिलं, सरळ डोळ्यांत, हा एवढा मोठा माणूस इतका सावकाश कसा म्हणून.

रेणुकादास सरांच्या अंगावर उभ्या जन्मात कुणी हात टाकला नव्हता.

"मृण्मयी!" ते ओरडले. "मृण्मयी, लवकर ये, इरानं मला मारलं!" आणि ते हसत होते, रडत होते, पोराटोरांसारखं नाक ओढत होते. "अगं, रागावून मागतेय ती! माझ्याकडं मागतेय!"

मृण्मयी पिठाच्या हातानं दारात आली. इरानं आणखी एक चापट उगारली होती.

"मग ओरडता काय, बाबा," मृण्मयी म्हणाली. "द्या की तिला सोलून."